साहेबांच्या लॉनचं गवत

उन्हाळा आला की भंडाऱ्याच्या या नव्या वस्तीत सकाळी पाखरांच्या आधी यंत्रं ओरडू लागतात. कुणाचा कूलर, कुणाची पाण्याची मोटर, आणि रविवारी आमच्या अंगणातलं गवत कापायचं यंत्र. मुलाने घर बांधलं तेव्हा पुढे हिरवळ हवीच असा हट्ट धरला. मी म्हटलं, तेवढ्या जागेत वांगी लाव, मिरच्या लाव, निदान चार कोबी तरी खाशील. तो हसला. आईचं ऐकायचं नाही हे एकदा ठरलं की हसणं सोपं जातं.

परवा यंत्रवाले किसनराव गवत कापून झाल्यावर घाम पुसत पायरीशी आले आणि म्हणाले, "काकू, गवत पोत्यात भरू का इथंच पसरू देऊ?"

मुलगा आतून ओरडला, "तिथंच राहू द्या, त्याचंच खत होतं." सून म्हणाली, "नको हो, पोरांच्या पायाला चिकटून सगळं घरात येतं, पोत्यात भरा आणि न्या एकदाचं." दोघं थांबले आणि दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. घरात म्हातारं माणूस ठेवायचं ते अशाच वेळी कामाला यावं म्हणून. मी म्हणाले, "चहा टाकते," आणि आत गेले. चहाची वेळ झालेली नव्हती, आणि ते तिघांनाही ठाऊक होतं.

ओट्याशी उभी राहिले तरी ताज्या कापलेल्या गवताचा वास खिडकीतून मागोमाग आलाच. हा वास लोकांना आवडतो म्हणे. मला त्या वासाने अपराधी वाटतं. एखाद्याला उदबत्तीच्या वासाने मेलेलं माणूस आठवावं, तसे मला कापलेल्या गवताने बाबा आठवतात, आणि बाबा आठवले की पाण्याने भरलेला एक लोटा आठवतो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. माझं लग्न होऊन वर्ष झालं असेल-नसेल. आमचे हे साकोलीला एका सरकारी कार्यालयात कारकून होते आणि आम्हाला वसाहतीत दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. क्वार्टरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे साहेबांचा बंगला. बंगल्यापुढे लॉन. असं गवत मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या गावाकडे गवत म्हणजे धुऱ्यावरचं, शेताच्या बांधावरचं, कमरेएवढं, विळ्याने कापायचं आणि भारा बांधून डोक्यावर आणायचं. हे गवत मात्र हौसेने वाढवायचं आणि वाढलं की लगेच कापायचं. चैत्र-वैशाखात सगळा मुलूख भाजून निघायचा, मोहाची फुलं गळून गेलेली, बोड्या, म्हणजे शेतालगतची लहान तळी, आटून तळाला भेगा पडलेल्या, आणि मधोमध तो हिरवा चौकोन. दिवसातून दोनदा नळीने पाणी प्यायचा. उन्हात डोळ्यांना इतका गार वाटायचा की मी भांडी घासताना उगाच त्याच्याकडे तोंड करून बसत असे.

वसाहतीचा माळी डोमा दोन चाकांचं यंत्र ढकलायचा. चाकांमधली पाती करकरत फिरायची आणि गवताचा भुगा मागे उडायचा. मग तो भुगा झाडून पोत्यात भरायचा, बंगल्यामागच्या खड्ड्यात ओतायचा, आणि वाळला की काडी लावून द्यायचा. हिरव्या गवताला काडी लावलेली मी पहिल्यांदा पाहिली त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आमच्या घरी ताटात उरलेली भाजीची देठंसुद्धा गायीच्या तोंडी जायची. गायीच्या तोंडी जाण्यासारखं काही फेकलं तर माय पाठीत धपाटा घालायची.

माय आदल्या हिवाळ्यात गेली. तिच्या मागे बाबा आणि तिची चांदी गाय एवढेच घरात उरले. गाव सानगडीच्या पलीकडे, एका तलावाच्या काठचं. जमीन धानाची. चांदी त्या फाल्गुनात व्यायली आणि तेव्हाच घरातलं हिरवं संपलं. खायला नुसतं तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा. पोटाला आधार, पण दुधाला काही नाही. बाबा बाजाराच्या दिवशी एसटीने साकोलीला यायचे, आमच्या ओसरीवर टेकायचे आणि चांदीची खबर सांगायचे. वासरू ढुशा देते, पण कासेत काही नाही, गाय उभ्या उभ्याच थरथरते, असं सांगताना ते माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघायचे. मायच्या माघारी मायची गाय हातची जाईल ही भीती त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. बोलायची गरजही नव्हती.

आणि ओसरीवर बसूनसुद्धा ते माझ्या घरचं पाणी प्यायचे नाहीत. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं काही घ्यायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. तहान लागली की वसाहतीच्या सार्वजनिक नळावर जाऊन ओंजळीने पिऊन यायचे. मी कितीदा म्हणाले, "बाबा, नळ सरकारचाच, घरातलंही पानी त्याच नळाचं." ते म्हणायचे, "लोटा तुह्या घरचा हाय ना, सुमन." ज्या माणसाने मला खांद्यावर बसवून मंडईच्या जत्रेतला दंडारीचा खेळ दाखवला, त्याला मला साधं पाणी देता येत नव्हतं. दुपारच्या उन्हात नळाशी वाकलेली त्यांची पाठ मी खिडकीतून पाहायची आणि मला लग्नाचाच राग यायचा.

म्हणून डोमाने खड्ड्याकडे चालवलेलं पोतं मी एका बाजारच्या दिवशी रस्त्यातच थांबवलं. म्हटलं, "डोमाभाऊ, हे जाळन्यापेक्षा आमच्या बाबाले द्या." डोमाला काय, तेवढाच धूर वाचला. त्याने पोतं ओसरीवर आणून टाकलं.

बाबांनी पोत्याचं तोंड उघडलं, हात कोपरापर्यंत आत घातला आणि मूठभर गवत बाहेर काढून हुंगलं. वैशाखातलं हिरवं गवत! त्यांच्या तोंडावर एवढा आनंद मी माय गेल्यापासून पाहिला नव्हता. मग लगेच चेहरा आवरून त्यांनी विचारलं, "हे तुमचं हाय का?"

"नाई बाबा, सरकारचं. साहेबाच्या लॉनचं. ते लोक जाळून टाकतेत."

"तुह्या घरचं नाई ना?"

"नाई."

"मंग नेतो."

किती खूश झाले मी! रीतही मोडली नाही आणि बापाच्या हाती काहीतरी दिलंही. मी स्वतःला फार हुशार समजले. त्या उन्हाळ्यात दर बाजाराला पोतं एसटीच्या टपावर चढू लागलं. कंडक्टर कुरकुरायचा, "बुवा, मानसं बसवाची का गवत?" बाबा म्हणायचे, "गवत टपावर बसते, बापा. तुमी मानसं बसवा." चांदीच्या कासेला दूध आलं, वासरू उड्या मारायला लागलं, बाबांच्या पायात जोर आला. मीही स्वयंपाक करताना गाणी म्हणू लागले. सासूबाई असत्या तर टोमणा मारला असता, पण त्या होत्या गोंदियाला.

एकदा पोतं बांधता बांधता बाबांनी रस्त्यापलीकडे पाहत विचारलं, "त्या मातीले तुमी काय देता मंग?"

"कोन्त्या मातीले?"

"लॉनच्या. सारं गवत तर कापून नेता."

मी हसले. म्हटलं, "सरकारची माती हाय बाबा. तिले काय द्याचं?"

ते हसले नाहीत. त्यांनी सुतळीची गाठ मारली आणि एसटी गाठायला निघाले. आमच्या गावात एक रीत होती. दुसऱ्याच्या धुऱ्यावरचं गवत आपल्या गुरांसाठी कापलं, तर पावसाआधी, रोहिणी नक्षत्र लागायच्या आत, त्याच्या बांधीत म्हणजे धानाच्या शेतात आपल्या उकिरड्याचं टोपलंभर खत टाकून यायचं. कोणी मागत नसे, कोणी मोजत नसे, पण कोणी चुकवतही नसे. लहानपणी मी स्वतः मायबरोबर अशी टोपली घेऊन गेले होते. मला हे आठवायला हवं होतं. पण क्वार्टरात राहायला आलं की माणसाला नळ आठवतो, वीज आठवते, टोपली आठवत नाही.

जेठ लागला होता. एका पहाटे मागच्या दाराशी बाबांचा आवाज आला. बाजाराचा दिवस नव्हता. दार उघडलं तर ते नळावर हात-पाय धुऊन उभे, चेहरा मोकळा, जसा धानाची रोवणी आटोपल्यावर असायचा. रस्त्याच्या कडेला गावच्या शेजाऱ्याची बैल जुंपलेली बंडी, आणि बंडी रिकामी. "झालं व सुमन," ते म्हणाले. "रोहिनी लागाच्या आत झालं. आता कोनाचं काही नाई."

"काय झालं बाबा?"

"खात टाकलं साहेबाच्या वावरात. जुनं, चांगलं मुरलेलं. आपल्या बोरीखालच्या उकिरड्याचं."

मला समजायच्या आतच बंगल्याकडून आरडाओरडा ऐकू आला.

त्या दिवशी संध्याकाळी नागपूरहून मोठे साहेब येणार होते आणि लॉनवर खुर्च्या मांडून चहा होणार होता. हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं, बाबांना कुठून ठाऊक असणार? त्यांनी लॉनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बांधीत फेकतात तसं हाताने, अगदी सारखं खत पसरलं होतं. एकही ढेप राहू दिली नव्हती. त्यावर डोमाने सवयीने नळी सोडली आणि सगळं ओलं होऊन दरवळलं. साहेबांच्या पत्नी, आम्ही त्यांना बाईसाहेब म्हणायचो, पदर नाकाला लावून पायरीवर उभ्या होत्या आणि डोमाला विचारत होत्या, "अहो, हे काय करून ठेवलंय तुम्ही? आज? आजच?"

डोमा बिचारा म्हणत होता, "म्या नाई केलं बाईसाहेब, देवाशपथ."

मी काही बोलायच्या आत बाबा पुढे झाले. फेटा नीट केला, हात जोडले आणि म्हणाले, "त्याले बोलू नका. म्या टाकलं. उन्हायाभर तुमचं गवत नेलं ना आमी. आमच्या गायीनं खाल्लं. त्याचं हाय हे."

बाईसाहेब वाईट नव्हत्या. त्या पुण्याकडच्या, त्यांना यातलं काहीच कळलं नाही, पण त्या ओरडायच्या थांबल्या. हळूच म्हणाल्या, "आजोबा, ठीक आहे हो. पण संध्याकाळी माणसं यायची आहेत. एवढं उचलून घ्या बरं."

बाबा खाली बसले आणि हाताने खत गोळा करू लागले. मी घमेलं आणलं. डोमाने खराटा आणला. दिलेलं परत उचलायचं काम मी आयुष्यात तेवढं एकदाच केलं. मुरलेलं खत गवताच्या मुळांत शिरलं होतं, निघता निघेना. ऊन चढत चाललं होतं. तेवढ्यात आमचे हे आंघोळ आटोपून, कचेरीचा पांढरा सदरा घालून बाहेर आले. त्यांनी एकवार सगळीकडे पाहिलं, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि भरलेलं घमेलं उचलून खांद्यावर घेतलं.

बाबांना विंचू चावल्यासारखं झालं. ते धावत आले आणि घमेल्याला लटकले. "जवाईबापू, ठेवा ते! पाया पडतो, ठेवा! माह्यावर पाप नका चढवू!"

हे हसत होते. खरंच त्यांना मौज वाटत होती. "मामाजी, सोडा न. आमी का खुर्चीवर जन्मलो काय? शेनातच वाढलो." आणि ते घमेलं घेऊन बंडीकडे गेले. मग पुन्हा आले, आणि पुन्हा गेले. पांढऱ्या सदऱ्यावरून काळपट ओघळ उतरत होता. ज्या जावयाचे पाय बाबांनी मांडवात स्वतःच्या हाताने धुतले होते, तो त्यांचा उकिरडा खांद्यावर वाहत होता आणि वसाहतीतल्या बायका दारांत उभ्या राहून बघत होत्या. खाली मान घालून, बोटांनी गवत विंचरत बाबांनी राहिलेलं खत वेचलं. बंडी जशी भरून आली होती तशी भरून परत गेली. ते नळावर पाणी प्यायलाही थांबले नाहीत.

संध्याकाळी चहा झाला. मोठ्या साहेबांना काही कळलंसुद्धा नाही. ते म्हणाले म्हणे, लॉन छान ठेवलंय.

त्यानंतरच्या बाजाराला बाबा आले नाहीत. मी पोतं भरून गावच्या एका माणसाबरोबर एसटीने पाठवलं. आठवड्याने ते पोतं जसंच्या तसं परत आलं, सुतळीची माझी गाठही न सुटलेली. आत गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि उघडताच आंबूस वाफ तोंडावर आली. मी ते स्वतः नेऊन खड्ड्यात ओतलं. पुढे थोड्याच दिवसांत पाऊस पडला, धुऱ्यांवर गवत आलं आणि चांदी तगली. पण ती तगली त्यात माझं काही राहिलं नाही.

पावसाने आणखी एक गंमत केली. आम्ही कितीही वेचलं तरी त्या खतातलं बी मागे राहिलंच होतं. आषाढात साहेबांच्या लॉनवर तरोटा उगवला. तरोटा कोणाला सांगायला नको, पावसाळ्यात आमच्याकडे घराघरांत त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते. डोमा उपटून उपटून थकला आणि बाबांच्या नावाने रोज आरती करू लागला. मी मात्र पदरात पानं खुडून आणली, लसूण आणि लाल मिरची घालून भाजी केली आणि वाटीभर बाईसाहेबांकडे पाठवली. त्यांनी विचारलं, "छान आहे हो, कुठे मिळते ही?" मी म्हटलं, "तुमच्याच लॉनवर." त्या खळखळून हसल्या. मला वाटलं, चला, हा विषय हसण्यावारी गेला.

पोळ्याला माहेरी गेले तेव्हा मोठ्या हौसेने हे बाबांना सांगितलं. वाटलं, तेही हसतील. ते चांदीच्या पाठीवरून हात फिरवत होते, तो हात थांबला. म्हणाले, "म्हंजे त्यायच्या गवतात माहा तरोटाबी घुसला." झालं. मी हसवायला गेले आणि त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवून आले.

पुढल्या वर्षी मला मुलगा झाला. हाच, जो आज खताच्या गोष्टी सांगतो. रीतीप्रमाणे आता बाबांना माझ्या घरचं सगळं चालणार होतं. बारशाला ते आले, नातवाला मांडीवर घेतलं, डोळे भरून पाहिलं. मी ताट वाढलं. "उपास हाय," म्हणाले. दुसऱ्या वेळी म्हणाले, पोट बरं नाही. तिसऱ्या वेळेला मी विचारणंच सोडलं. ह्यांनी परोपरीने समजावलं, "मामाजी, त्या दिवसाचं मनात काहून ठेवून राहिले तुमी? मले तर आठवतबी नाई." बाबा मान हलवायचे आणि तहान लागली की उठून नळावर जायचे.

ऐंशी उलटून काही वर्षं गेली होती. असाच वैशाख होता. बाबा थकले होते, काठी घेऊन एसटीतून उतरले तेव्हा धापा टाकत होते. नळापर्यंत जाण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. ओसरीवर भिंतीला टेकून बसले. मी आतून लोटा भरला आणि मुद्दाम मुलाच्या हाती दिला. म्हटलं, जा, आबाला दे. तो सांडत-लवंडत घेऊन गेला. आणि बाबांनी तो घेतला! मी दाराआड उभी राहिले. त्यांनी दोन्ही हातांत लोटा धरला, ओठांजवळ नेला. समोर रस्त्यापलीकडे डोमा यंत्र ढकलत होता. पात्यांची करकर ऐकून बाबा थांबले.

"सुमन, ते गवत आता कोन नेते?"

माझ्या जिभेवर त्या क्षणी एक साधं खोटं यायला हवं होतं. कोनी नेत नाई बाबा, तिथंच पसरून देतेत, त्याच मातीत मुरते. एवढंच. जगात कुणाचं काही बिघडलं नसतं. एरवी मी काय कमी खोटं बोलते? शेजारणीची साडी चांगली म्हणते, सुनेची आमटी चांगली म्हणते. पण त्या दिवशी मी बेसावध होते, आणि बेसावध माणूस खरं बोलतो.

"कोन नेनार बाबा? पोत्यात भरतेत न जाळतेत."

बाबा लॉनकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे त्या मातीले अजून काहीच नाई भेटलं." त्यांनी लोटा खाली ठेवला, जपून, एक थेंबही न सांडता. मी बाहेर आले, तर माझ्याकडे पाहून कसनुसं हसले. "राहू दे व. मंग पेतो."

ते तसेच एसटीच्या थांब्याकडे निघाले. ह्यांनी सायकलवरून सोडलं. त्या पावसाळ्यात, रोवणीच्या धामधुमीत, ते गेले. शेवटचं पाणी शेजारच्या काकूंनी पाजलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

लोक म्हणतात, खोटं बोललेलं माणसाला आयुष्यभर खातं. मला खरं बोललेलं खातंय. बाबांना मी गवत देऊन बांधून टाकलं, तेही त्यांचं भलं करायला जाऊन. आणि सोडवायची वेळ आली तेव्हा एक वाक्य मला सुचलं नाही. कधी वाटतं, त्यांना ते खोटं ओळखू आलं असतं. तरीसुद्धा, माझ्यासाठी म्हणून, ते प्यायले असते. हे तर आणखीच सोसत नाही.

चहा उकळून उतू गेला. बाहेर सून अजून म्हणत होती की पोत्यात भरा, मुलगा अजून म्हणत होता की राहू द्या, आणि किसनराव रिकामं पोतं हातात धरून दोघांच्या मध्ये उभे होते. मी पदराला हात पुसत पायरीवर आले.

"पोतं ठेवून द्या, किसनराव," मी म्हटलं. "इथंच पसरा. सारखं पसरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत."

किसनराव वाकून हातांनी गवत पसरू लागले. मी आत गेले, माठातलं पाणी काढून लोटा भरला आणि ओसरीच्या कठड्यावर आणून ठेवला. मुलाने विचारलं, "आई, कोणाला पाणी?"

"गवत सारं पसरून होऊ दे," मी म्हटलं. "मंग सांगते."